स्टिअरिंग सैल झालंय, आख्खी रॅक बदलायला सांगतायत. बदलू का?

सुपारीबाग | ८ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गाडीबद्दल पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबेल पण सगळं सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, १ लाख ४ हजार किमी झालेत. मी गुहागर तालुक्यात राहतो, रोजचा वापर शृंगारतळी-चिपळूण. महिन्यातून एकदा आईला कराडला डॉक्टरांकडे न्यायचं असतं, म्हणजे कुंभार्ली घाट चढून उतरायचा. गेले ३-४ महिने स्टिअरिंग ढिलं वाटतंय. सरळ रस्त्यावर ५०-६० ला सुद्धा गाडी एका रेषेत राहत नाही, सारखं थोडं इकडं थोडं तिकडं सावरत बसावं लागतं. खराब रस्त्यावर हातात बारीक कट-कट जाणवते, आवाज फार मोठा नाही पण हाताला कळतं. पुढचा उजवा टायर आतल्या कडेला जास्त झिजलाय.

दोन वेळा अलाइनमेंट करून झाली, आठ दिवस बरं वाटतं की परत तेच. मग एका सर्व्हिस सेंटरला दाखवली, त्यांनी गाडी वर घेतली, दहा मिनिटात खाली आणली आणि सांगितलं रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा दांडा) गेली, असेंब्ली बदला, १६,५०० ची रॅक आणि मजुरी वेगळी. नक्की काय गेलंय विचारलं तर "प्ले आहे", म्हणजे कुठेतरी ढिलेपणा आहे, एवढंच उत्तर. पैसे खर्च करायला ना नाही, आई गाडीत असते, पण १६ हजार घालून पण तसंच राहिलं तर काय करायचं? पाऊस महिन्यावर आलाय, त्याआधी हे काम व्हायलाच हवं. गेल्या महिन्यात घाट उतरताना एका वळणावर गाडी मनासारखी वळली नाही, अर्धा क्षणच, पण तेव्हापासून मला घाटात जायची भीती बसलीय. कोणी जाणकार सांगाल का कुठून सुरुवात करू?

घाटमाथा | ८ मे, रात्री ११:१५

आधी सगळ्या टायरची हवा बघा, थंड असताना. एका बाजूला ३३ आणि दुसऱ्या बाजूला २४ असेल तरी गाडी अशीच पोहते. हे झालं की मग पुढचं.

सुपारीबाग | ८ मे, रात्री ११:२२

हवा बघितली आहे दादा, दर पंधरा दिवसांनी बघतो. चारही ३३ पीएसआय.

पाना१४१७ | ९ मे, सकाळी ७:०५

माझं कोल्हापुरात गॅरेज हाय, २२ वर्षं हेच काम करतोय. तुमचं वाचून रात्रीच लिहिणार होतो पण सकाळी नीट लिहितो म्हटलं.

पहिली गोष्ट, प्ले असताना अलाइनमेंट करू नका, पैसे पाण्यात. मशीनवर चाक हलवलं की एक आकडा, परत हलवलं की दुसरा आकडा, त्यावर काय सेट करणार? सांधे घट्ट करायचे, मग अलाइनमेंट. उलट क्रमानं केलेली टिकत न्हाई, तुमची दोन वेळा टिकली न्हाई त्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट, "प्ले आहे" हे काही निदान न्हाई. ताप आहे म्हटल्यासारखं झालं. स्टिअरिंग व्हीलपासून चाकापर्यंत सात-आठ सांधे हायत. व्हीलखालचा कॉलम, कॉलमच्या खालचा जॉइंट म्हणजे क्रॉस, मग पिनियन, रॅक, रॅकच्या टोकाला आतला बॉल जॉइंट त्याला आम्ही रॅक एंड म्हणतो, त्याच्या पुढं टायरॉड एंड, मग नकल म्हणजे चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग. शिवाय खाली लोअर आर्मचा बॉल जॉइंट आणि बुश, वर शॉकअपचं माउंटिंग, मधी हब बेअरिंग. ह्यातलं कुठलं बी एक ढिलं झालं तरी ड्रायव्हरला एकच कळतं, स्टिअरिंग सैल. थोडं थोडं चार ठिकाणी असलं तर बेरीज होऊन मोठा प्ले दिसतो. म्हणून एक एक सांधा हातानं चाचपायचा, ह्याला शॉर्टकट न्हाई.

घरी करता येईल असं सांगतो. एक माणूस मदतीला घ्या. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, न्यूट्रल, इंजिन चालू. चाकं जमिनीवरच ठेवायची, जॅक लावायचा न्हाई, कारण वजन चाकावर असतं तेव्हा सांध्यातला प्ले उघडा पडतो. स्टिअरिंग व्हीलच्या कडेला वरती कागदी टेपचा तुकडा चिकटवा, डॅशबोर्डवर पट्टी धरा. दोन बोटांनी हळू डावीकडं फिरवा, बाहेरच्या माणसानं टायर हलायला लागला की आवाज द्यायचा. तिथं खूण. मग उजवीकडं तसंच. दोन खुणांमधलं अंतर मिलिमीटरमधी मोजा आणि इथं लिहा.

मग तुमच्या मदतनीसाला स्टिअरिंग असंच डावं-उजवं थोडं थोडं हलवत ठेवायला सांगा, चार बोटं इकडं चार बोटं तिकडं, आणि तुम्ही पुढच्या चाकामागं हात घालून टायरॉड एंडवर बोटं ठेवा, अर्धी बोटं रॉडवर अर्धी नकलवर. सांधा चांगला असला तर दोन्ही एकदम हलतात. गेला असला तर रॉड आधी हलतो आणि नकल मागनं येते, ती टिक बोटाला स्पष्ट लागते. डोळ्याला दिसत न्हाई ते बोटाला कळतं. तसंच रबरी बेलोच्या (रॅकच्या टोकावरच्या घडीच्या रबराच्या) वरनं आतला जॉइंट दाबून धरा, तिथं बी टिक लागती का बघा. इंजिन चालू असताना हात फॅनपासून आणि बेल्टपासून लांब.

मोगरा | ९ मे, सकाळी ९:३०

पाना१४१७ यांनी फार नीट सांगितलंय. मी पुण्यात, गाड्यांच्या सस्पेन्शन डिझाइनमधे काम करते, त्यात एक भर घालते. इंजिन चालू का ठेवायचं तर हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमधे पिनियनच्या वर एक टॉर्शन बार (थोडा पिळला जाणारा दांडा) आणि व्हॉल्व्ह असतो, इंजिन बंद असेल तर त्याची स्वतःची थोडी हालचाल प्लेमधे मिसळते आणि माप चुकतं. तुमची इलेक्ट्रिक आहे, तिथे पण कॉलमवरचा टॉर्क सेन्सर तसाच टॉर्शन बारवर चालतो, शिवाय किल्ली काढलेली असेल तर लॉकची पिन बसते आणि त्या पिनचाच खटका ऐकू येतो, लोकांना वाटतं सांधा वाजतोय.

आणि ड्रायव्हरच्या पायापाशी वाकून बघायला विसरू नका. पेडलच्या वरून एक शाफ्ट खाली जातो आणि फ्लोअरमधून बाहेर पडतो, त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस जॉइंट असतात. मॅट उचला, कव्हर असेल तर सरकवा, टॉर्च मारा. हा सांधा खूप जण बघतच नाहीत कारण गाडी लिफ्टवर घेतली की तो दिसत नाही, आणि खालून तपासणारा माणूस प्लेचं खापर रॅकवर फोडून मोकळा होतो.

सुपारीबाग | ९ मे, सकाळी १०:१०

दोघांचे खूप आभार. रविवारी पुतण्याला हाताशी घेऊन करतो आणि लिहितो. ताई, रॅक खराब असेल तर ती कशी ओळखायची हे पण सांगाल का, म्हणजे तेही एकदमच बघून घेईन.

मोगरा | ९ मे, दुपारी १:४५

हो. रॅक म्हणजे दात असलेला लांब दांडा, पिनियन म्हणजे त्यावर फिरणारं छोटं चक्र. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे म्हणून पिनियन साधारण उजव्या बाजूला येतो. तिथे रॅकला मागून एक स्प्रिंगवाला गट्टू पिनियनवर दाबून धरतो. दुसऱ्या म्हणजे डाव्या टोकाला रॅकला नुसता बुशचा आधार असतो, बऱ्याच गाड्यांत प्लास्टिकचा. तो झिजला की रॅक त्या टोकाला वरखाली हलते आणि खड्ड्यात खडखड वाजते. डाव्या बेलोजवळ रॉड धरून वर-खाली हलवून बघा. आणि दात झिजले असतील तर प्ले फक्त मधल्या भागात सापडतो, कारण गाडी ९० टक्के वेळ सरळच जाते आणि तेच चार-पाच दात काम करतात. स्टिअरिंग एक वळसा फिरवून तिथे प्ले मोजा. मधे जास्त आणि कडेला कमी आला तर दातांवर संशय घ्या. सगळीकडे सारखाच आला तर बिघाड बहुतेक दुसरीकडे आहे.

रॅकचे क्रॉसमेंबरवरचे बोल्ट पण बघा. बोल्ट ढिला असेल तर आख्खी रॅक डावी-उजवी सरकते आणि ते काम नुसत्या पान्यावर होतं.

मिरजमळा | ९ मे, रात्री ९:००

धागा वाचतोय. माझ्याकडे जुनी जीप आहे, रॅक नाही, स्टिअरिंग बॉक्स आहे, आत बॉल आणि वर्म. माझा अनुभव सांगतो, कुणाला तरी उपयोग होईल. प्ले वाढला म्हणून एका मिस्त्रीने बॉक्सवरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळून दिला, प्ले गेला, मी खूष. पण वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ यायचं बंद झालं, हाताने ओढून आणावं लागायचं. मिरज-सांगली रस्त्यावर एकदा वळून झाल्यावर गाडी वळतच राहिली आणि समोरून ऊसाचा ट्रॅक्टर. त्या दिवशी वाचलो. नंतर कळलं की तो स्क्रू चाकं बरोब्बर सरळ ठेवून सेट करायचा असतो, कारण बॉक्स मधोमध सगळ्यात घट्ट बनवलेला असतो. चाकं वळलेली असताना आवळला तर मधे आल्यावर जाम होतो. आणि माझा खरा बिघाड ड्रॅग लिंकच्या (बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) एंडमधे होता, बॉक्समधे नव्हताच. सांध्यातला प्ले बॉक्स आवळून लपवू नका, हात जोडून सांगतो.

पाना१४१७ | ९ मे, रात्री ९:४०

मिरजमळा, लाखातलं बोललात. रॅकच्या गट्टूच्या नटाचं बी तेच. थोडा आवळला की गिऱ्हाईक खूष होतं पण स्टिअरिंग चिकटतं. तो नट ज्याला मॅन्युअल बघून, टॉर्क लावून, परत ठराविक अंश सोडता येतो त्यानंच हात लावावा.

दर्याकिनारा | १० मे, सकाळी ८:२०

माझ्या गाडीला ८० च्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरतं, खाली आलं की थांबतं. हे पण सैल असल्यामुळेच का? मालवणहून.

पाना१४१७ | १० मे, सकाळी ८:३५

न्हाई, ठराविक स्पीडलाच थरथर म्हणजे बहुतेक बॅलन्सिंग, नाहीतर रिम वाकलीय. आधी पुढची दोन चाकं बॅलन्स करून घ्या. ब्रेक मारल्यावरच थरथरत असेल तर डिस्क बघा. तरी राहिलं तर नवा धागा काढा, सांगतो.

सुपारीबाग | ११ मे, संध्याकाळी ६:५०

केलं आज. दोन तास लागले पण इतकी माहिती मला तीन महिन्यांत कुणी दिली नव्हती. सगळं जसं झालं तसं लिहितो.

मागच्या चाकांना दगड लावले, टेप चिकटवली, पुतण्या आत बसला. प्ले निघाला ५५ मिमी. तीनदा मोजला, ५३, ५५, ५५. एक वळसा फिरवून पण मोजला, तिथे ५४, म्हणजे मधे आणि कडेला सारखाच.

उजव्या चाकामागे हात घातला आणि टायरॉड एंडवर बोटं ठेवली तर काय सांगू, टिक टिक इतकी स्पष्ट की मी हात काढून परत ठेवला. रॉड हलतो, मग नकल हलते. वरचं रबर फाटलेलं आहे, आत ग्रीस नाही, वाळलेली लाल माती आहे. डाव्या बाजूला काही नाही, दोन्ही एकदम हलतात, रबर शाबूत. आतले जॉइंट दोन्ही बाजूंना बेलो दाबून बघितले, टिक नाही. बेलो फाटलेले नाहीत. डाव्या टोकाला रॅक वरखाली हलत नाही. रॅकचे बोल्ट पान्याने बघितले, घट्ट आहेत.

मग जॅक लावला, खाली स्टँड ठेवला, चाक धरून हलवलं. उजवं चाक ९ आणि ३ वर धरलं तर खळखळ, १२ आणि ६ वर धरलं तर काही नाही. डावं दोन्हीकडे घट्ट.

आणि आता मोगरा ताईंनी सांगितलेलं. मॅट उचलून टॉर्च मारली, पुतण्याला हलवायला सांगितलं. वरचा क्रॉस ठीक वाटला. खालचा क्रॉस मात्र, वरचं टोक फिरतं आणि खालचं टोक थांबून मग फिरतं. डोळ्याला दिसतंय. मी त्यावर पांढऱ्या खडूने सांध्याच्या दोन्ही बाजूंना एक सरळ रेघ मारली तर हलवताना रेघ तुटते आणि परत जुळते. क्लॅम्पचा बोल्ट १२ च्या पान्याने बघितला, घट्ट आहे, म्हणजे क्रॉसच झिजलाय.

माझं मत असं झालंय की रॅकला काही झालेलं नाही. बरोबर आहे का? लोअर आर्मचा बॉल जॉइंट आणि बेअरिंग मी नीट तपासले का हे नक्की करायचंय.

पाना१४१७ | ११ मे, संध्याकाळी ७:३०

खडूची रेघ एक नंबर केलीत. माझ्या पोरांना उद्या दाखवतो.

निदान बरोबर हाय. उजवा टायरॉड एंड आणि खालचा क्रॉस. १२-६ वर प्ले न्हाई म्हणजे बॉल जॉइंट आणि बेअरिंग वरवर तरी ठीक. कधी १२-६ वर प्ले सापडलाच तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि परत हलवायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. एवढ्या एका गोष्टीनं चुकीचा पार्ट बदलायचं वाचतं. बॉल जॉइंटला आणखी एक, आर्म आणि नकलच्या मधी टॉमी म्हणजे लोखंडी कांब घालून उचलून बघा.

टायरॉड एंड लगेच बदला, घाटात जाऊ नका तोपर्यंत. तो बॉल कपातनं निसटला तर ते चाक आपल्या मनानं वळतं, स्टिअरिंगचा आणि त्याचा संबंध संपतो. माझ्याकडं अशी एक गाडी टोचन लावून आली होती. गावातल्या स्पीडब्रेकरवर १५ च्या स्पीडला निसटला म्हणून माणसं धड होती. तीच गोष्ट ७० ला झाली असती तर त्या माणसांचं काय झालं असतं सांगवत न्हाई.

मोगरा | ११ मे, रात्री ८:१५

खूप छान तपासलंत. तुमच्या ५५ मिमीचा हिशोब करून बघितला. व्हीलचा व्यास साधारण ३७ सेंमी धरला तर ५५ मिमी म्हणजे १७ अंश. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९८ म्हणतो की स्टिअरिंग व्हीलवर ३० अंशांपेक्षा जास्त बॅकलॅश, म्हणजे प्ले, नको. ३० अंश म्हणजे कडेला जवळजवळ १० सेंमी होतात! म्हणजे तुमची गाडी आजही कायद्यात बसते आणि तरीही घाटात तुम्हाला भीती वाटते, आणि ती भीती अगदी बरोबर आहे. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमधे ३० मिमीपर्यंतचा प्ले चालतो असं असतं, तो जेमतेम ९ अंश. तुमच्या मॅन्युअलमधे बघा आणि तोच आकडा धरा.

१७ अंश ऐकायला छोटे वाटतात. स्टिअरिंग रेशो १६ च्या आसपास धरला, म्हणजे व्हील १६ अंश फिरलं की चाक १ अंश वळतं, तर पुढच्या चाकाला फक्त १ अंश. पण ६० च्या वेगाला चाक १ अंश वळलेलं एक सेकंद तसंच राहिलं तर गाडी सरळ रेषेपासून जवळपास मीटरभर बाजूला जाते. तुमचे हात सारखे सावरत होते ते यासाठी.

त्याच नियमात आणखी एक वाक्य आहे, स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या हव्यात. तुमचं फाटलेलं रबर म्हणजे नेमका तो भाग. रबर फाटतं, पावसाचं पाणी आणि माती आत जाते, ग्रीस धुऊन निघतं, मग बॉल आणि कप एकमेकांना घासत बसतात. जॉइंट त्यानंतर काही महिन्यांत संपतो. ५० रुपयांचं रबर वेळेत दिसलं असतं तर, असं मला दर वेळी वाटतं.

नदीकाठ | १२ मे, रात्री १:१०

जर्मनीतून वाचतोय. इथे नवीन गाडीला पहिली तीन वर्षं सोडली की दर दोन वर्षांनी तपासणी सक्तीची आहे. खड्ड्यावर गाडी उभी करतात, पुढच्या चाकांखाली लोखंडी प्लेट्स असतात, त्या हायड्रॉलिकने डाव्या-उजव्या, पुढे-मागे सरकतात आणि तपासणारा खालून टॉर्च मारून प्रत्येक सांधा बघतो. पाना१४१७ यांची दोन बोटांची पद्धत म्हणजे तेच काम हाताने. माझ्या बाबांची गाडी नाशिकला आहे, ११ वर्षांची, खाजगी गाडीला आपल्याकडे १५ वर्षं फिटनेस बघायची वेळच येत नाही. हा धागा त्यांना पाठवला, रविवारी शेजारच्या काकांबरोबर टेप लावून मोजणार आहेत.

घाटमाथा | १२ मे, सकाळी ७:४०

टायरॉड एंड बदलताना दोन्ही बाजूंचे बदला, एक नवा एक जुना ठेवू नका. मी तरी नेहमी जोडी बदलतो.

पाना१४१७ | १२ मे, सकाळी ८:००

घाटमाथा, मला हे पटत न्हाई. शॉकअप जोडीनं बदलायचे, स्प्रिंग जोडीनं, ब्रेक पॅड जोडीनं, कारण तिथं दोन बाजूंचं वागणं सारखं लागतं. टायरॉड एंड हा नुसता सांधा हाय, एकतर घट्ट न्हाईतर ढिला. डावा घट्ट हाय आणि रबर चांगलं हाय तर त्याला का काढायचं? चांगला ओरिजिनल काढून बाजारातला लोकल बसवला तर नुकसानच.

घाटमाथा | १२ मे, सकाळी ८:२५

तुमचा मुद्दा समजला. माझा विचार असा की दोन्ही तेवढेच किमी चाललेत, अलाइनमेंटचे पैसे पुन्हा नकोत. पण पार्ट लोकल मिळणार असेल तर तुमचंच बरोबर.

सुपारीबाग | १२ मे, सकाळी ९:००

डावा ठेवतो मग, पण दर महिन्याला हात लावून बघेन. चिपळूणला ओरिजिनल टायरॉड एंड मिळाला ६८० ला. खालचा शाफ्ट क्रॉससकट येतो, नुसता क्रॉस मिळत नाही, २,९०० सांगितला, कोल्हापूरहून दोन दिवसांत येईल. गावातला मिस्त्री माझ्या समोर करायला तयार आहे. त्याला काय काय सांगू?

पाना१४१७ | १२ मे, दुपारी २:१०

चांगला मिस्त्री असंल तर त्याला ठाऊक असणार, तरी तुमच्या माहितीसाठी.

टायरॉड एंडचा चेक नट (एंड रॉडवर जागेवर धरणारा) आधी गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, गंजलेला असतो, आदल्या रात्री तेल मारून ठेवा. कॉटर पिन काढली की नट पूर्ण काढायचा न्हाई, दोन आटे ठेवायचे. एंडच्या आट्यांवर हातोडी मारू नका. टेपर म्हणजे नकलमधी घट्ट बसलेला निमुळता भाग सोडवायचा असतो, त्यासाठी नकलच्या कानावर बाजूनं मारायचं, मागं दुसरी जड हातोडी आधाराला धरून. दोन सणसणीत घावात सुटतो. पुलर असला तर आणखी बरं. एंड काढताना किती फेरे फिरला ते मोजा, नवीन तेवढेच फेरे आत. म्हणजे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत तरी गाडी सरळ जाती. नवीन कॉटर पिन, जुनी वापरायची न्हाई. नटाची खाच जुळत नसंल तर नट आणखी आवळून जुळवा, सैल करून न्हाई.

मोगरा | १२ मे, दुपारी ३:००

शाफ्टच्या कामाला दोन गोष्टी नक्की सांगा. एक, बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबा, एअरबॅगची वायर तिथूनच जाते. दोन, चाकं सरळ, स्टिअरिंग सरळ, लॉक लावा किंवा सीट बेल्टने व्हील बांधून टाका. शाफ्ट सुटला की व्हील मोकळं फिरतं आणि एखाद्याने सहज दोन वळसे फिरवलं तर आत एअरबॅगची जी फीत गुंडाळलेली असते ती तुटते. तो खर्च रॅकच्या खालोखाल. जुना शाफ्ट काढायच्या आधी स्प्लाइनवर (शाफ्टच्या टोकाच्या दातांवर) खूण करा, एक दात पुढे-मागे बसला तर व्हील वाकडं राहतं. क्लॅम्पचा बोल्ट शाफ्टच्या खाचेतून जायला हवा, तो खाचेत न बसवता वरवर आवळला तर कधीतरी शाफ्ट बाहेर सरकेल.

सुपारीबाग | १५ मे, रात्री ९:२०

काम झालं आज. सविस्तर लिहितो कारण तुम्ही सगळ्यांनी इतक्या मनापासून मदत केलीत.

सकाळी ८ ला सुरू केलं. चेक नटला रात्री तेल मारून ठेवलं होतं, तरी पाइप लावून जोर द्यावा लागला. एंड दुसऱ्या घावाला सुटला. मोजले तर साडेसतरा फेरे. जुना एंड हातात घेतला तर बॉल नुसत्या वजनाने इकडून तिकडे पडत होता, नवीन एंडचा बॉल दोन हातांनी सुद्धा कष्टाने फिरतो. दोन्ही शेजारी ठेवून आईला दाखवले. ती बराच वेळ बघत बसली, म्हणाली एवढ्याशा गोष्टीवर आपण घाट उतरत होतो.

शाफ्टला वेळ गेला. ड्रायव्हरच्या बाजूला उलटं झोपून काम, मिस्त्री चार वेळा बाहेर येऊन बसला. व्हील सीट बेल्टने बांधलं होतं, पांढऱ्या रंगाने खुणा केल्या. खालच्या क्रॉसच्या एका टोपीत गंजाची लाल पूड होती, आतल्या बेअरिंगच्या सुया संपल्यात जमा. मिस्त्री म्हणाला कोकणात फ्लोअरखालून पाणी उडतं आणि तिथल्या रबराची फट राहिली की हा सांधा आधी जातो. ते रबर पण नीट बसवलं.

गाडी बाहेर काढून परत टेप लावून मोजलं. प्ले १४ मिमी.

मग हळूहळू चिपळूणला नेली, अलाइनमेंट. मशीनवर उजवा टो (चाकाची पुढची कड आत-बाहेर किती वळलीय ते) बराच बाहेर निघाला होता, आतली कड झिजायचं कारण तेच. पहिल्यांदा त्यांनी एकाच बाजूने टो जुळवला, चाकं बरोबर पण स्टिअरिंग व्हील डावीकडे तिरकं. परत नेऊन दोन्ही बाजूंना सारखं करून घेतलं, आता सरळ आहे. पुढचे टायर मागे टाकले.

एकूण खर्च, एंड ६८०, शाफ्ट २,९००, मजुरी १,२००, अलाइनमेंट ५००. म्हणजे ५,२८०. रॅक तशीच आहे, हात पण लावला नाही.

मिरजमळा | १५ मे, रात्री ९:४५

वाचून बरं वाटलं. ५५ वरून १४, काय हवं अजून.

पाना१४१७ | १५ मे, रात्री १०:००

मस्त. आता ५०० किमी झाले की क्लॅम्पचे दोन्ही बोल्ट, चेक नट आणि एंडचा नट एकदा पाना लावून बघा. नवीन काम बसतं तेव्हा एखादा नट थोडा हलतो. आणि कॉटर पिनचे पाय नीट वाकवलेत का ते बी डोळ्यानं बघा.

दर्याकिनारा | १६ मे, सकाळी ७:३०

बॅलन्सिंग केलं, थरथर गेली. आणि टेप लावून मोजलं, १९ मिमी. पण डाव्या टायरॉड एंडचं रबर थोडं चिरलंय, प्ले नाही. नुसतं रबर मिळतं का?

पाना१४१७ | १६ मे, सकाळी ७:५०

मिळतं. आत माती गेली नसंल तर एंड सोडवून, पुसून, नवं ग्रीस भरून रबर घाला, वरनं तार घट्ट बसवा. मातीचा कण बोटाला लागला तर मात्र एंडच बदला. पावसाआधी करा, जूनमधी न्हाई.

सुपारीबाग | २४ मे, रात्री ८:३०

काल आईला घेऊन कराडला जाऊन आलो. कुंभार्ली चढताना काही वाटलं नाही, उतरताना मात्र मुद्दाम लक्ष देऊन होतो. ज्या वळणावर त्या दिवशी गाडी फसली होती तिथे हात जेवढा वळवला तेवढीच गाडी वळली. खाली शिरगावला चहाला थांबलो तेव्हा लक्षात आलं की आई झोपली होती, पूर्ण घाट. गेले तीन महिने ती वरची दांडी धरून बसायची.

आल्यावर पाना१४१७ दादांनी सांगितलेले नट बघितले. ५४० किमी झालेत. खालच्या क्लॅम्पचा बोल्ट पाव फेरा आत गेला, बाकी सगळे जागेवर. टेपवर १४ मिमीच. टेप काढलेली नाही, खुणेखाली तारीख आणि किमी लिहून ठेवलेत, पाऊस संपला की परत मोजून इथेच लिहीन.